छाट बिडीने दाखवलेला मालक

गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, घराच्या छपरीत बसून बिड्या वळणारी बाई थोडा वेळ थांबून पाहावी. मांडीवर सूप. सुपात जर्दा, कैची, पत्र्याचा फर्मा आणि सुताची गुंडी. शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. ती आधी भिजवून मऊ करावी लागतात, नाहीतर वळताना चिरतात. फर्मा पानावर टेकवून तुकडा कापायचा, त्यावर चिमटीभर जर्दा पसरायचा, बोटांच्या टोकांनी वळत न्यायचा, तोंडाची घडी मिटायची, सुताचे वेढे देऊन दोरा तोडायचा. सराईत हाताला एका बिडीसाठी काही सेकंद पुरतात. पण मजुरी हजारामागे असते, आणि चूल, पाणी, लेकरं सांभाळून हजारी गाठायची म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान वर करता येत नाही. नाकातोंडात तंबाखूची भुकटी जाते ती वेगळीच.

मग माल सट्टेदाराकडे, म्हणजे मधल्या ठेकेदाराकडे जातो. पानं आणि जर्दा त्यानेच मोजून दिलेला असतो, बिड्याही तोच मोजून घेतो. बिड्यांचा कट्टा हातात धरून पाहतो. सैल वळलेली, टोकाशी उघडलेली, कमी भरलेली बिडी बाजूला पडते. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. चांगल्या बिड्याही छाटीत ढकलल्या जातात, ही बिडी कामगारांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. पान कमी दिलं, जर्दा कमी दिला आणि वर छाट काढली, असं हे तिहेरी दुखणं.

आणि तरीही, घरी बसून काम करणाऱ्या या बाईला कायद्यापुढे ‘कामगार’ म्हणून उभं केलं ते याच छाटीने. मला या साऱ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. ती गोष्ट या छपरीत सुरू होते, सर्वोच्च न्यायालयातून जाते आणि जिनिव्हात पोचते. गरीब देशांचा विकास कसा व्हावा, तो टिकावा कसा, त्यासाठी देशांनी एकमेकांना कशी मदत करावी, या थोरामोठ्यांच्या चर्चेत कामगार संघटनांचं काम काय, हे समजून घ्यायला याहून चांगली वाट मला ठाऊक नाही.

गोंदियात बिडी का रुजली ते नकाशावर लगेच दिसतं. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागांत तेंदूचं जंगल. बाकी सगळीकडे धान. धानाची कापणी-मळणी आटोपली की हजारो हात मोकळे. आणि मधोमध रेल्वेचं जंक्शन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे छोट्या मापाची गाडी धावू लागली. जबलपूरच्या परिसरात गुजराती व्यापाऱ्यांनी तेंदूच्या पानाची बिडी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली होती, तो धंदा रेल्वेच्या वाटेने पसरत इकडे आला. गोंदियाच्या सार्वजनिक जीवनावर बिडीची छाप इतकी खोल आहे की इथली गोंदिया एज्युकेशन सोसायटी १९५८ साली उभी केली ती बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी. बिडीच्या धंद्यातून पुढे आलेल्या माणसाने शाळा-महाविद्यालयं काढली, हेही या जिल्ह्याचं खरं आहे, आणि त्या धंद्याचा पाया छपरीत बसलेल्या बाईच्या हजारीवर होता, हेही खरं.

या धंद्याची रचना मोठी चलाख होती. वर छाप असलेला कारखानदार, मध्ये सट्टेदार, खाली घर. कारखानदार म्हणणार, मी सट्टेदाराशी करार केला, त्या बाईला मी ओळखतही नाही. सट्टेदार म्हणणार, मी तर नुसता माल पोचवणारा. बाईच्या घरात ना भोंगा, ना हजेरीपट, ना मुकादम. मग कामाचे तास कोणी ठरवायचे, रजा कोणी द्यायची, म्हातारपणाची सोय कोणी करायची? कायद्याला कारखाना दिसत होता, घर दिसत नव्हतं.

हा प्रश्न स्वातंत्र्याच्या आधीचा आहे. गोंदिया तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडच्या भंडारा जिल्ह्यात होतं. १९२९ ते ३१ या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालचं कामगारविषयक रॉयल कमिशन देशभर फिरलं आणि बिडीच्या कोंदट कारखान्यांतल्या बालमजुरीबद्दल त्याने कडक शब्दांत लिहिलं. पुढे १९३७ साली मध्य प्रांताने ‘अनियंत्रित कारखान्यां’साठी स्वतंत्र कायदा केला, त्यात बिडी, लाख आणि कातडी कमावणं हे तीन धंदे घेतले. मोठ्या गिरण्यांच्या कायद्यातून निसटणाऱ्या छोट्या जागांना पकडण्याचा हा सुरुवातीचा प्रयत्न. जागा पकडली खरी, पण कारखानदाराने काम घराघरांत पांगवलं की कायदा पुन्हा हात चोळत बसे.

त्याच वर्षी नागपूरजवळच्या कामठीहून एक तरुण प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेला. बाबू हरदास एल. एन. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली आणि सट्टेदाराच्या कचाट्यातून सुटण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडीकाम सुरू केलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९३९ च्या जानेवारीत, वयाची पस्तिशी गाठतानाच ते गेले. कामठी ते गोंदिया हे अंतर रेल्वेने काही तासांचं, आणि दोन्हीकडचा प्रश्न अगदी एकच.

आता न्यायालयांकडे येऊ. १९६० च्या अखेरीस नागपूरच्या एका बिडी कारखान्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं: बिरधीचंद शर्मा यांचं. कामगार कारखान्यात येऊन बिड्या वळत, पण केव्हा यायचं, केव्हा जायचं, किती वळायच्या हे त्यांचं त्यांच्यावर. मालकाचं म्हणणं, हे माझे कामगार नाहीतच. न्यायालयाने विचारलं, दिवस संपताना खराब बिडी नाकारण्याचा हक्क कोणाचा? मालकाचा. मग देखरेख आहे, आणि देखरेख आहे तर हे कामगार आहेत. पण पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात, शंकर बालाजी वाजे खटल्यात, बहुमताने नेमकं उलट ठरलं: मनात येईल तेव्हा येणारा-जाणारा बिडीवाला कारखाना कायद्याखाली ‘कामगार’ नाही. म्हणजे एकाच कामाला एकदा होय, एकदा नाही.

म्हणून १९६६ साली संसदेने बिडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला आणि त्यात एक धाडसी गोष्ट लिहिली: मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेला कच्चा माल घेऊन घरी बिडी वळणारी व्यक्तीही कामगारच. छाटीचा वाद कोणाकडे न्यायचा तेही लिहिलं. राज्यांच्या नियमांत ठरावीक टक्क्यांपलीकडे छाट काढायची तर कारण लेखी नोंदवायचं बंधन आलं. ‘छाट’ हा गावचा शब्द इंग्रजी नियमांत जसाच्या तसा जाऊन बसला. कारखानदार न्यायालयात गेले. मंगलोर गणेश बिडी प्रकरणात १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि सट्टेदार मध्ये असला तरी खऱ्या मालकाची जबाबदारी सुटत नाही, असं ठरलं. १९७७ साली बिडीला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. पुन्हा खटला. घरी काम करणारी बाई आमची कशी? १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्स प्रकरणात न्यायालयाने जे म्हटलं त्याचा गाभा असा: पूर्वी मालक कामगाराच्या मागे उभा राहून काम कसं करायचं ते सांगे, म्हणून तो मालक. आता तसं उभं राहण्याची गरज नाही. तयार माल आपल्या मापात बसत नसेल तर नाकारण्याचा हक्क ज्याच्याकडे, देखरेख त्याचीच.

किती सुंदर तर्क आहे हा! ज्या हाताने बाईची बिडी बाजूला काढली, त्याच हाताने मालकाची सही केली. छाट काढायची असेल तर मालक व्हा. मालक व्हायचं नसेल तर छाट काढू नका. भारतातल्या जवळपास पन्नास लाख बिडी कामगारांच्या, ज्यांत बहुसंख्य बायका आहेत, भविष्यनिर्वाह निधीच्या हक्कामागे हा तर्क उभा आहे. तो न्यायालयाने मांडला, पण तो प्रत्यक्षात उतरवायला गावोगावच्या संघटनांची चिकाटी लागते. छाट किती निघाली याची तक्रार कोणीतरी लिहून ठेवावी लागते. ती एकट्या बाईने केली तर तिचं पान-जर्दा बंद होतं, संघटनेने केली तर ती नोंद होते.

इथून गोष्ट देशाबाहेर जाते. घरी बसून दुसऱ्यासाठी माल करणाऱ्या बायका फक्त भारतात नव्हत्या. युरोपात शिवणकाम, आग्नेय आशियात भरतकाम, लॅटिन अमेरिकेत चपला. श्रीमंत देशांतल्या जुन्या कामगार संघटनांना हे घरबसलं काम आवडत नसे; त्यांना वाटे, ही पद्धत बंदच व्हायला हवी. त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातला पगारदार पुरुष हाच कामगार. हा दृष्टिकोन बदलण्यात अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेचा वाटा मोठा आहे. १९७२ साली इलाबेन भट्ट यांनी ती नोंदवायला नेली तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, तुमचा मालक कोण ते सांगा, नाहीतर संघटना कसली? पुन्हा तोच प्रश्न. ‘सेवा’च्या सभासदांत बिडी कामगारही होत्या. १९८३ साली ‘सेवा’ अन्न आणि तंबाखू कामगारांच्या जिनिव्हास्थित जागतिक महासंघात दाखल झाली आणि तिथून जगभरच्या संघटनांना पटवत गेली. १९९६ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या कामाचा करार, क्रमांक १७७, मंजूर केला. त्यात घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या काय? स्वतःच्या घरात किंवा स्वतः निवडलेल्या जागी, मोबदल्यासाठी, मालकाने ठरवून दिलेल्या मापाचा माल तयार करणारी व्यक्ती, मग साहित्य-साधनं कोणीही पुरवोत.

मालकाने ठरवून दिलेलं माप. म्हणजे छाटीमागचाच विचार. बिडीच्या सुपातला तर्क आणि जगाच्या करारातला तर्क एकमेकांना येऊन मिळतात तेव्हा अंगावर रोमांच उभे राहतात. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की पैसा आणि शहाणपण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतं असं चित्र आपल्या मनात असतं. इथे शहाणपण दक्षिणेतून उत्तरेला गेलं. फिनलंडने हा करार सर्वांत आधी स्वीकारला. भारताने अजून स्वीकारलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पण जिनिव्हाच्या सभागृहात कामगाराचं म्हणणं पोचतंच कसं? संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक संस्थांत मत फक्त सरकारांना असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची घडण मात्र वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहातून ती जन्मली, आणि प्रत्येक देशाला तिथे चार मतं मिळाली: सरकारची दोन, मालकांचं एक, कामगारांचं एक. कामगारांचा प्रतिनिधी आपल्याच सरकारविरुद्ध मत देऊ शकतो आणि देतोही. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा भारतातल्या सामान्य माणसाला स्वतःच्या देशातही मताचा हक्क नव्हता, तेव्हा भारताच्या कामगारांना जगाच्या परिषदेत एक मत होतं. याचं आश्चर्य मला अजून ओसरलेलं नाही.

ते मत पहिल्यांदा वापरणारा माणूस मराठी होता. नारायण मल्हार जोशी, रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली, तिथे ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. कामाच्या तासांचा पहिलाच करार तिथे झाला. जगासाठी आठवड्याला ४८ तास, ब्रिटिश हिंदुस्थानसाठी सवलत म्हणून ६०. आज ते अन्यायाचं वाटतं, पण १९२२ साली कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि ही साठ तासांची मर्यादा इथल्या गिरण्यांत आली ती त्या करारामुळेच. मात्र जोशींना पाठवलं होतं सरकारने. परिषदेचा नियम असा की प्रतिनिधी देशातल्या कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनेशी ठरवून निवडायचा. आणि अशी देशव्यापी संघटनाच भारतात नव्हती! ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या जन्मामागे हे एक ठळक कारण होतं. एरवी आधी घर बांधतात, मग खिडकी ठेवतात. इथे जगाकडे उघडणारी खिडकी आधी मिळाली आणि तिच्यासाठी घर बांधलं गेलं.

व्हिटली कमिशनवरही जोशी होतेच. आणि १९३८ साली जिनिव्हाच्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले श्यामराव परुळेकर हे बाबू हरदासांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार. एक जण कामठीत बिडीवाल्यांची सहकारी संस्था सांभाळत होता, दुसरा जिनिव्हात बोलत होता, आणि पक्ष एकच. श्यामरावांच्या पत्नी गोदावरी परुळेकर; त्यांचं नाव पुढे कशाला मिळालं पाहा. सोलापूरजवळ कुंभारी इथे ‘सिटू’ ही कामगार संघटना आणि तिचे नेते नरसय्या आडम यांच्या लढ्यातून दहा हजार बिडी कामगार बायकांना घरं मिळाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. त्या वसाहतीचं नाव गोदूताई परुळेकर. जी बाई घरातच कारखाना थाटून बसली आहे, तिच्यासाठी घर म्हणजे निवाराही आणि कामाची जागाही. म्हणून घरासाठी लढणं हे संघटनेचं अस्सल काम ठरतं. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला आणि त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. गोंदियाच्या बिडीपट्ट्यात या तोडीचं काम झालेलं नाही. व्हायला हवं होतं.

‘शाश्वत विकास’ या कल्पनेत कामगारांना जागा मिळाली ती १९९२ साली, रिओच्या पृथ्वी परिषदेत. तिथे मंजूर झालेल्या ‘अजेंडा २१’मध्ये एक पूर्ण प्रकरण, एकोणतिसावं, कामगार आणि त्यांच्या संघटनांवर होतं. २००६ साली व्हिएन्नात जगातल्या दोन मोठ्या महासंघांचं विलीनीकरण होऊन नवा जागतिक महासंघ झाला आणि दोन वर्षांत त्याने विकास सहकार्यासाठी स्वतंत्र जाळं उभं केलं. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क अशा देशांतल्या संघटना आपल्या सरकारच्या मदतनिधीतला काही भाग थेट दुसऱ्या देशांतल्या संघटनांसोबत खर्च करतात: प्रशिक्षण, कायदेशीर मदत, नोंदणी मोहिमा. याचं स्वरूप रस्ते-पुलांच्या मदतीसारखं दिसत नाही, म्हणून वर्तमानपत्रांत येत नाही. पण मदतीच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या कामावर मजुरी रास्त आहे का, हे विचारणारा माणूस तिथेच तयार होतो.

आता या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. आठवं उद्दिष्ट सर्वांना सन्मानाचं काम. तिसरं आरोग्य, आणि त्यात ‘३-अ’ क्रमांकाचं लक्ष्य आहे: तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराची अंमलबजावणी बळकट करणं. ही दोन्ही वचनं बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर एकाच वेळी येऊन पडतात. एक म्हणतं, तुझ्या कामाला मान आणि मोल मिळेल. दुसरं म्हणतं, तुझं काम बंद व्हायला हवं. आणि दुसरं चूक नाही. बिडी जीव घेते, ओढणाऱ्याचा तर घेतेच, वळणाऱ्या बाईच्या फुप्फुसांतही भुकटी साठवते. बिडी टिकावी असं म्हणणं मला शक्य नाही.

तंबाखू नियंत्रण करार २००३ साली झाला, भारताने २००४ मध्ये स्वीकारला. तो करणाऱ्यांना हा पेच दिसत होता. कराराच्या मूलतत्त्वांतच त्यांनी लिहिलं आहे की ज्या शेतकऱ्यांची आणि कामगारांची उपजीविका बुडेल त्यांना सावरण्यासाठी तांत्रिक आणि आर्थिक मदत महत्त्वाची, आणि ती देशाने आखलेल्या शाश्वत विकासाच्या धोरणात बसवून द्यावी. सतराव्या कलमात पर्यायी उपजीविकेला यथायोग्य चालना देण्याचं वचन आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय सहकार्य, शाश्वत विकास आणि बिडी कामगार हे तिन्ही एकाच करारात आलेले आहेत. पण या कराराच्या बैठकीत मत फक्त सरकारांना. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये या कराराची सातवी परिषद दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात भरली, तेव्हा तंबाखू पिकवणारे शेतकरी बाहेर निदर्शनं करत होते. तंबाखू कंपन्यांना धोरणापासून दूर ठेवायचं हा कराराचा नियम योग्यच आहे, कारण कंपन्या कामगाराच्या आडून बोलतात हे जगाने वारंवार पाहिलं आहे. पण कंपनीला दूर ठेवताना कामगारालाही दूर ठेवलं की सतराव्या कलमाचा हिशोब मागणारं कोणी उरत नाही. कंपनी आणि कामगार यांच्यातला फरक सांगू शकणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कंपनीपासून स्वतंत्र असलेली संघटना. जिनिव्हातच दोन इमारती आहेत, एक श्रम संघटनेची, दुसरी या कराराच्या सचिवालयाची. एकीत कामगाराला मत आहे, दुसरीत नाही, आणि त्याच्या कामाचं भवितव्य दुसरीत ठरतंय.

दरम्यान इथे काय घडलं? १९७६ साली संसदेने बिडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभा केला होता. त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत, घरांना मदत होई. २०१७ साली जीएसटी आला आणि हा उपकर गेला. बिडीचा पैसा बिडीच्या कामगाराकडे वळवणारी ही थेट नळी तुटली. खर्च आता सर्वसाधारण अर्थसंकल्पातून. बिडी जसजशी आटत जाईल, तसतशी तिच्यातूनच पर्यायी कामाला रक्कम मिळत राहावी यासाठी हा उपकर किती चोख साधन होता! तो ज्या काळात सर्वांत उपयोगी पडला असता त्याच काळात गेला. २०२५ च्या नोव्हेंबरपासून १९६६ चा कायदाही नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. छाटीचा तर्क आता त्या संहितेच्या नियमांत किती उरतो, यावर संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

गोंदियात पर्याय शोधायचा तर तो मला जंगलाच्या बाजूने दिसतो. १९६९ पासून महाराष्ट्रात तेंदूपानाचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली होता. वनखातं लिलाव करी, ठेकेदार पानं गोळा करण्याची फळी लावी, मे महिन्याच्या उन्हात आदिवासी कुटुंबं सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून आणत. असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, सत्तर हजार पानं. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाल्यावर २०१३ च्या सुमारास गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी लिलाव स्वतःच्या हाती घेतला. पान आमचं, भाव आम्ही ठरवणार. अनेक ग्रामसभा एकत्र येऊन व्यापाऱ्यासमोर बसू लागल्या की ती सामूहिक सौदेबाजीच झाली. तिला कोणी युनियन म्हणत नाही. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ग्रामीण कामगारांच्या संघटनांचा करार, क्रमांक १४१, भारताने १९७७ सालीच स्वीकारलेला आहे, आणि त्यात मजुराबरोबर स्वतःच्या श्रमावर जगणारा छोटा शेतकरीही धरलेला आहे. पान तोडणारी बाई देवरीच्या जंगलात, पान वळणारी बाई गोंदियाच्या छपरीत; एकीची ग्रामसभा, दुसरीची युनियन. दोघी एका टेबलावर कधी बसल्या तर मोहफूल, हिरडा, डिंक, मध यांचं काम बिडीच्या जागी उभं करण्याची बोलणी खरी बोलणी होतील.

आणि जिल्ह्यात हा पेच बिडीपुरता नाही. तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच. हवामानासाठी जग कोळसा सोडण्याची भाषा करत आहे. अमेरिकेतल्या तेल-रसायन कामगारांचे नेते टोनी मॅझोकी यांनी सांगितलं होतं की घातक उद्योग बंद करायचे तर त्यातल्या कामगाराची पुढची सोय समाजाने करायला हवी. त्या मागणीला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात, आणि जगभरच्या संघटनांनी रेटा लावून ती २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत बसवली. कोळशाच्या कामगारासाठी जे मागितलं ते बिडीच्या बाईलाही लागू पडतं, पण तिच्या नावावर हे शब्द अजून फारसे उच्चारले गेलेले नाहीत. शिवाय भरपाई असो की नवं प्रशिक्षण, ते नोंदवहीत नाव असलेल्यालाच मिळतं. औष्णिक वीज केंद्रांत कोळसा उतरवण्याची, राख वाहण्याची कामं देशभर बहुधा कंत्राटी मजूर करतात. मध्ये पुन्हा ठेकेदार, वर पुन्हा छाप. त्यांचा मालक कोण हे ठरवायचं काम चिमणी थंड होईपर्यंत थांबवून चालणार नाही. बिडीच्या बाबतीत ते ठरायला १९३७ पासून १९८५ पर्यंतचा काळ जावा लागला.